हुंबेर या शब्दाचे चार अर्थ

तात्यापारा, रायपूर
२० एप्रिल २०१७

प्रिय दिवाकर,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने उतरला आहे, त्याचा अर्थ शोधत बसू नकोस. तसाही तू आता काही शोधण्याच्या स्थितीत नाहीस. वनमालावहिनींचं पत्र तीन दिवसांपूर्वी आलं. समता कॉलनीतून आमच्याकडे यायला रिक्षाने वीस मिनिटं लागतात, पण त्यांनी पोस्टाने पाठवलं, कारण त्यांना वाटलं की समोर आले तर मला रडू आवरणार नाही. भोळ्या आहेत. डिसेंबरात तुला झटका आला, हातपाय हळूहळू सावरले पण बोलणं गेलं, एवढं मला बाहेरून कळलं होतं. बाकीचं त्यांनी कळवलं. तुला ऐकू येतं, समजतं सगळं, हो-नाही मानेने सांगतोस, फक्त तोंडातून शब्द निघत नाही. डॉक्टर म्हणाले की ओळखीचं काहीतरी रोज वाचून दाखवा. म्हणून वहिनी रोज सकाळी चहा झाला की तुझाच शब्दकोश मांडीवर घेतात आणि दोन पानं मोठ्याने वाचतात. आता त्यांनी मला विनंती केली आहे की जुन्या कामाच्या आठवणींचं एक मोठं पत्र लिहा, तेही त्या तुला वाचून दाखवतील. 'दहा वर्षं तुम्ही त्यांच्यासोबत शब्द गोळा केले, तुमचं ऐकून कदाचित काही जागं होईल.' तर हे पत्र तुला असलं तरी आवाज त्यांचा आहे. वहिनी, एकच सांगते, मध्ये थांबू नका आणि काही गाळू नका. तुम्ही कुठे अडखळलात ते त्याला लगेच कळेल. वाक्यातला शब्द गाळलेला त्याला कधी चालला नाही, माणसं गाळलेली चालतात. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, पत्र लांब आहे.

आठवणी हव्यात, तर सुरुवातीपासून घे. राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. गावभर सरकारी पाट्यांवर 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ़' लिहिणं चालू होतं आणि घाईघाईत पुसलेल्या रंगाखालून जुनी अक्षरं दिसायची. रायपूरला कालपर्यंत कोणी विचारत नव्हतं, आणि एकाएकी बंगल्याबंगल्यात संचालनालयं आली. तू नागपूरहून आमच्या शाळेत भाषण द्यायला आलास, चाळिशीचा, दाढी कोरलेली, खांद्यावर झोळी. तू सांगितलंस की स्वित्झर्लंडच्या डोंगरात रोमान्श नावाची एक इवलीशी भाषा आहे, मोठ्या भाषांच्या मधोमध जीव मुठीत धरून राहिलेली. मग फळ्यावर तू एकच शब्द लिहिलास, 'कॅमेरा'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घुमटाखालची खोली, इटालियनमध्ये साधी राहायची खोली, इंग्रजीत फोटो काढायचं यंत्र, आणि रोमान्शमध्ये उच्चार जरा वाकडा करून पुन्हा खोलीच. 'आणि हाच शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरून आपल्या हिंदीत कमरा झाला,' असं म्हणून तू खडू खाली ठेवलास. मागच्या बाकांवरची पोट्टीसुद्धा तो शब्द वहीत उतरवून घेत होती. तू म्हणालास की आपली रोमान्श म्हणजे बस्तरची हलबी, थोडी मराठी, थोडी छत्तीसगढी, थोडी उडिया, आणि नव्या राज्याला असा कोश हवा ज्यात एकच शब्द वऱ्हाडी मराठी, रायपूरची हिंदी, छत्तीसगढी आणि हलबी अशा चार घरी काय काय होतो ते दिसेल. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. रेल्वेतल्या बापाची वर्ध्याकडची मराठी, शाळेतली हिंदी, गल्लीतली छत्तीसगढी, सगळं मला येत होतं आणि त्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता. तुझ्या भाषणानंतर मी घरी जाऊन आईला म्हटलं की मला काम मिळालं. आई म्हणाली, 'तुले काम होतंच की वं शाळेत.'

पंडरीतल्या कोश संस्थेच्या त्या दोन खोल्या तुला आठवतात का, मान हलव. खाली ठोक कापडाचं दुकान, जिन्यात कायम नव्या कापडाच्या खळीचा वास. संस्थेने कार्डं वेळेवर दिली नाहीत म्हणून मी खालून साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणले आणि कात्रीने एकसारखी कार्डं कापली. एका बाजूला कोरा पुठ्ठा, दुसऱ्या बाजूला गुलाबी नट्यांचे चेहरे. मराठी काळ्या शाईत, हिंदी निळ्या, छत्तीसगढी हिरव्या, हलबी लाल. भिंतीवर तू स्वतःच्या हाताने नियम लिहिले होतेस आणि पहिला नियम होता, 'तुम्ही असं म्हणता का, हे कधीही विचारू नये. वस्तू दाखवून तुम्ही याला काय म्हणता, हे विचारावं.' तो नियम आपल्याला अभनपूरच्या राधाबाईने शिकवला होता, तुला आठवत नसेल. बाजाराच्या दिवशी ती चिंच विकायची. मी वही उघडून वीस शब्द विचारले, वीसच्या वीस वेळा ती 'हव दीदी, हव' म्हणाली, म्हणजे हो. मी खूश. उठताना माझ्या टोपलीत मूठभर चिंच टाकत म्हणाली, त्यातले निम्मे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते. मी विचारलं, मग हव कशाला म्हणालीस? तर हसून म्हणे, 'घर आए सगा ला नइ कइसे कहिबो, दीदी?' सगा म्हणजे तिच्या भाषेत पाहुणा. आपल्याकडे सगा म्हणजे रक्ताचा. परतीच्या बसमध्ये मी 'सगा'चं कार्ड लिहिलं आणि तू ते वाचून माझ्या डोक्यावर टपली मारलीस, शाबासकीची. त्या टपलीवर मी पुढची सहा वर्षं काढली.

शब्दांचं तुला फार कौतुक, म्हणून त्या काळातल्या एका लाडक्या शब्दाची आठवण करून देते. 'बाई'. मराठीत बाई म्हणजे शाळेतली शिक्षिका, ती मी होतेच. रायपूरच्या हिंदीत बाई म्हणजे झाडूपोछा करणारी, तीही झाले. तुझ्या ऑफिसातल्या कपबशा आठ वर्षं कोणी विसळल्या ते वहिनींना सांग, म्हणजे मानेने सांग. हलबीत कोंडागावच्या एका म्हातारीने मला 'बाई' म्हणून हाक मारली ती लेकीला मारतात तशी, आणि मला उगीच भरून आलं होतं. राहिली छत्तीसगढी. वहिनी, तुम्ही सोळा वर्षं समता कॉलनीत राहता, छत्तीसगढीत एखादा नवरा 'मोर बाई', माझी बाई, म्हणतो तेव्हा तो कोणाबद्दल बोलत असतो हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर दारावरच्या भाजीवालीला विचारा. आत्ता नको, पत्र संपल्यावर विचारा.

मी फार पुढे पळाले का? बरं, मागे येते. दोन हजार चारच्या हिवाळ्यापासून आपण बस्तरला जायला लागलो. सकाळच्या बसने निघायचं, धमतरीला चहा, कांकेरच्या पुढच्या घाटात तुझं डोकं दुखायचं म्हणून मी रुमालाला बाम लावून ठेवायची, आणि दुपारी कोंडागावचं विश्रामगृह. चौकीदार किल्ली पुढे करायचा आणि म्हणायचा, 'कमरा नंबर दो.' पहिल्या वेळी तू माझ्याकडे बघून हसलास, लॅटिनपासून निघालेला शब्द बघ कुठे येऊन पोचला, असं. मीही हसले. मी तेव्हा सगळ्यालाच हसत होते. आईला मात्र कळलं होतं, तिला सांगावं लागलं नाही. माझी पिशवी भरून झाली की ती उंबऱ्यात बसून विचारायची, 'काहून जातं वं त्याच्या संगं? त्याले बायको हाय, पोरगी हाय. तुले काय भेटून राहिलं?' मी म्हणायची, शब्द भेटून राहिले. आई तोंडाला पदर लावायची आणि मला वाटायचं ती हसते आहे. वहिनी, तुमचं पाणी पिऊन झालं असेल तर पुढे वाचा. तुमच्यावर माझा राग नाही, हे अगदी खरं आहे. पण हे त्याला वाचून दाखवायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही, त्याला मी काय करू?

आता कामाची एक गोष्ट, जी कोशाच्या प्रस्तावनेत नाही. तूच मला शिकवलीस. तुझं म्हणणं, कोश करणाऱ्याला चोरीची भीती असते. दहा वर्षं खपून गोळा केलेले शब्द कोणीही उचलून स्वतःच्या नावावर छापेल आणि आपण सिद्ध काय करणार? म्हणून दर शंभर कार्डांमागे एक कार्ड खोटं घालायचं. नसलेला शब्द, नसलेला अर्थ, पण बेमालूम. चोराने तोही उचलला की सापडला. गोळा करणाऱ्याने अशा शब्दांची यादी स्वतःजवळ बंद पाकिटात ठेवायची आणि छापायच्या आधी संपादकाने ती मागून घेऊन खोटी कार्डं काढून टाकायची. या कार्डांना मी 'तीट' म्हणायची, बाळाच्या गालावर लावतात ती, आणि तुला ते नाव इतकं आवडलं की तूही तेच म्हणायला लागलास. मी एकंदर सहा हजार तीनशे कार्डं लिहिली. म्हणजे त्रेसष्ट तिटा. त्यांतली एकही तुला कधी ओळखू आली नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

दोन हजार नऊमध्ये तू संस्थेचा संचालक झालास आणि तुला लोकांची जीभ ऐकू यायला लागली. पंडरीच्या त्या जिन्यात, खाली कापडाचे गठ्ठे उतरवत असताना, तू म्हणालास, 'लोक बोलून राहिले, सुनीती. आता दौऱ्यावर तू नको येऊ.' पाच वर्षांचं सगळं तू दोन वाक्यांत आवरलंस आणि तिसरं वाक्य होतं की 'म'ची कार्डं गुरुवारपर्यंत लागतील. मी गुरुवारपर्यंत दिली. हे लिहिताना मला तुझ्याहून माझीच चीड येते. पुढची दोन वर्षं मी घरी बसून कार्डं लिहिली, कारण मला वाटायचं की कार्डं चालू आहेत तोवर तू कधीतरी ती घ्यायला स्वतः येशील. दर वेळी शिपाई आला. मग आई अंथरुणाला खिळली. तिचं पोट फुगलं होतं, अन्न जात नव्हतं, तिला कूस बदलून देताना मला दुपार कधी झाली ते कळायचं नाही, आणि अशा एका दुपारी संस्थेची गाडी दारात उभी राहिली. दोन माणसं आणि तुझ्या सहीचं पत्र. 'संकलनाचे काम पूर्ण झाले असून सर्व सामग्री वाहकाच्या ताब्यात द्यावी.' ते खोके उचलत होते आणि आतून आई ओरडत होती, 'कोण हाय वं? काय नेऊन राहिले?' मी म्हटलं, रद्दी. नवव्या दिवशी ती गेली. तू आला नाहीस ते समजू शकते, संचालकाला कामं असतात. पण तू पाकीटही मागितलं नाहीस. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायची इतकी घाई होती की आपणच घातलेला नियम तुला आठवला नाही.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत कोश आला. दोन खंड, निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक, संकलक आणि संपादक म्हणून एकच नाव. मला निमंत्रण होतं, साधं, छापील. मी सातव्या रांगेत बसले. आभाराच्या पानावर अगदी खाली, टंकलेखन आणि चहापाण्याच्या मधोमध, एक ओळ होती, 'कार्डे कापणे व लावणे: कु. सुनीती.' मी ती ओळ दोन वेळा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. त्रेपन्न गावं, सहा हजार तीनशे शब्द, चार शाया, आणि मी कात्री. वहिनी, त्या दिवशी तुम्ही जांभळी साडी नेसला होतात. कार्यक्रम झाल्यावर तुम्ही गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आलात, माझे दोन्ही हात हातात घेतलेत आणि म्हणालात, 'हे सांगत होते, तुम्ही कार्डं फार सुबक कापता म्हणून.' तुमच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण चार वर्षं झाली, ते वाक्य माझ्या घशातून खाली उतरलेलं नाही.

त्या सभागृहात तू नमुना म्हणून एकच शब्द वाचून दाखवलास. हुंबेर. तुझा आवाज तेव्हा काय होता! वऱ्हाडी मराठी: वासरू विकलं की गाय दोन दिवस जे ओरडते ते. छत्तीसगढी: दिवस मावळताना घरच्यांना परत बोलावण्याची हाक. हलबी: ज्याला हाक मारली तो न आल्याची खंत. रायपूरची हिंदी: थाप, पोकळ आश्वासन. आणि मग तुझी दीड पानांची व्युत्पत्ती, संस्कृत हम्भारव, गाईचं हंबरणं, तिथून प्राकृत, तिथून चार दिशांना चार प्रवाह. तू म्हणालास, एका शब्दात या मातीचं सगळं काळीज आहे. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारचे एक गृहस्थ डोळे पुसत होते. नंतर पेपरांत तेच छापून आलं आणि कोणीतरी मुलाखतीत तुला विचारलं की हा शब्द तुम्हाला कुठे सापडला, तर तू म्हणालास, 'नारायणपूरच्या बाजारात, एका गुराख्याच्या तोंडी.'

दिवाकर, हुंबेर असा शब्द नाही. कुठल्याच भाषेत नाही, कधी नव्हता. ती माझी तीट होती, दोन हजार आठ सालची, कोंडागावच्या कमरा नंबर दोनमध्ये एका दुपारी मी खिडकीशी बसून बनवलेली. शब्द मी एका आवाजावरून घेतला आणि अर्थ तुझ्यावरून. आधी रडणं, मग हाक, मग न येणं, मग थाप. आपले चारही अंक मी एका पुठ्ठ्यावर ओळीने लिहिले होते, चार शायांत. मला चोर पकडायचा नव्हता, शपथ घेऊन सांगते. मला वाटलं होतं की तू ते कार्ड वाचशील, आवाज ओळखशील, हसशील, आणि मग चौथा अर्थ वाचून थोडा गप्प होशील. एवढंच हवं होतं मला, तू थोडा गप्प व्हावंस. आठवडाभर मी वाट पाहिली. तू ते कार्ड घेऊन नाचत आलास की सुनीती, हा शब्द म्हणजे कोशाचा मुकुट आहे! मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी इतकी मूर्ख होते की तुझा आनंद मोडवेना, म्हटलं पाकीट आहे, पडताळणी आहे, निघेल आपोआप. पडताळणी तर तू अशी केलीस: पहिल्या नियमाखाली उभं राहून, फरशी पुसणाऱ्या बाईला विचारलंस, 'ये शब्द आप लोग बोलते हो क्या?' ती फडकं पिळत म्हणाली, 'हव साहब.' तू खालून बोलवून आणलेल्या दुकानाच्या चौकीदारानेही हवच म्हटलं. आणि कार्डावर तुझ्या वळणदार अक्षरात चढलं, 'पडताळणी: नारायणपूर, ८ फेब्रुवारी २००९.' वहिनी, त्या दिवशी तुमच्या भाचीचं लग्न होतं, अमरावतीला. अल्बम काढून बघा, फेटा बांधून तो पंगतीत वाढताना दिसेल. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण हा उंट अमरावतीत आणि शेळ्या नारायणपुरात.

म्हणजे आज काय परिस्थिती आहे ते नीट समजून घे, तुला आता वेळच वेळ आहे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट तिटा तुझ्या निळ्या पुस्तकात आहेत, तुझ्या नावाखाली, तुझ्या व्युत्पत्त्यांसकट. आणि रोज सकाळी दोन पानं, या हिशेबाने वहिनी तुला भाषा परत शिकवताहेत. कुठल्या पानावर तुला खरा शब्द मिळाला आणि कुठल्या पानावर माझा, हे तुला कळायचा मार्ग नाही आणि विचारायला तोंड नाही. यादी माझ्याजवळ होती, आईच्या ट्रंकेत, पाकिटात, तशीच बंद. वहिनींचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ती बाहेर काढली, वाचली आणि फाडली. दहा-बारा शब्द लक्षात राहिले आहेत, ते सांगणार नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मी वरणभात केला आणि पोटभर जेवले.

आणि तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं. गप्प राहणं मला जमतं, तुझ्याकडे राहून तेवढं शिकले. लिहिलं ते वहिनींच्या पत्राच्या मागच्या बाजूच्या मजकुरामुळे. वहिनी, तुम्ही लिहिलं आहे की मंगळवारी, चार महिन्यांनी, ते पहिल्यांदा बोलले. एकच शब्द, पण स्पष्ट: हुंबेर. तुम्ही ओक्साबोक्शी रडलात, पुण्याला लेकीला, स्नेहलला, फोन केलात, कॉलनीत पेढे वाटलेत, आणि तेव्हापासून ते रोज एकदा तो म्हणतात, दुपारी जेवण झाल्यावर, पडल्या पडल्या. आणि तुम्ही मला विचारलं आहे की चार अर्थांपैकी त्यांना कोणता म्हणायचा असेल, गाईचा, घरी बोलावण्याचा, की आणखी कोणता, कारण तुम्हाला वाटतं ते तुम्हाला हाक मारताहेत. तर ऐका, आणि मोठ्याने वाचा, त्यालाही ऐकू द्या. चारांपैकी एकही नाही. जेवण झालं की तो डाव्या कुशीवर वळतो, उजवा हात गालाखाली घेतो, आणि झोप लागायच्या अगदी आधी त्याच्या अर्ध्या उघड्या तोंडातून एक आवाज निघतो, आधी 'हुं', मग ओठ मिटून सुटतात. तुम्ही लग्न झाल्यापासून तो ऐकत आला आहात. मी पाच वर्षं ऐकला, खिडकीशी बसून, आणि त्याचाच शब्द केला. तो बोललेला नाही, वहिनी. त्याला झोप लागते आहे.

कमरा नंबर दोनपुरती तुझीच,
सुनीती